सातवा गोल होऊ न देणारी मेगन

मेगन आज सकाळी गेली. आणि कृपा करून "शी लॉस्ट हर बॅटल" असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका.

मी डिलीट करेन.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मेगन माझ्या मुलीची, इराची, सॉकर कोच. इथे टेक्सासमध्ये, प्लेनोत. त्याआधी ती वेल्सच्या नॅशनल टीमची डिफेंडर होती.

"वेल्स म्हणजे इंग्लंडच ना?" असं आमच्यातल्या एका काकांनी तिला पॉटलकच्या जेवणाला विचारलं होतं. पुढची वीस मिनिटं काकांना समोसा खाता आला नाही.

बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या गावातली मुलगी. शाळेत मुलींची टीम नव्हती. मुलांच्या टीममध्ये घुसली, तर हेडमास्तरांनी बाहेर काढलं. ती परत घुसली.

मोठी झाल्यावर सकाळी दारोदार टपाल वाटायची, संध्याकाळी प्रॅक्टिस. देशासाठी खेळायला बिनपगारी रजा. अंगात पुरुषांच्या टीमच्या जुन्या, ढगळ जर्सी.

फार मॅचेस जिंकल्या नाहीत त्या. तिने ते कधी लपवलं नाही.

मी एकदा विचारलं, "तुझी बेस्ट मॅच कोणती?"

"परदेशातली एक. सहा गोल खाल्ले आम्ही."

"मग त्यात बेस्ट काय?"

"शेवटच्या मिनिटाला सातवा जात होता. मी गोललाइनवरून बाहेर काढला."

मी हसले. "सहा झाल्यावर सातव्याने काय फरक पडतो यार?"

ती हसली नाही. "तो माझ्या बाजूने येत होता."

पुढे गुडघा गेला आणि करिअर संपलं. निरोपाची मॅच नाही, फुलं नाहीत. कोचिंगची नोकरी मिळाली म्हणून टेक्सासला आली, ती इथलीच झाली.

तीन वर्षांपूर्वी क्लबने मुलींची मेन ग्राउंडची मंगळवार-गुरुवारची वेळ मुलांच्या टीमला देऊन टाकली. आम्हाला मागचं ग्राउंड. तिथल्या खड्ड्यात आधीच एकीचा पाय मुरगळला होता. मेगनने ईमेल केले. उत्तर नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती मेन ग्राउंडच्या मधोमध जाऊन बसली. खराब गुडघा पुढे पसरून. तिच्याभोवती सगळ्या मुली बसल्या.

क्लबचा मॅनेजर धावत आला. "मेगन, सीन करू नकोस."

"सीन कुठला? प्रॅक्टिस आहे. आज बसायची."

"मला पोलिसांना बोलवावं लागेल."

आम्ही पालक कुंपणाबाहेर उभे. माझं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं, नोकरी व्हिसावरची. 'पोलीस' ऐकल्याबरोबर नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "इराला घे आणि आत्ताच्या आत्ता घरी ये. आपण इथे पाहुणे आहोत."

मी आत गेले ती इराला आणायलाच. खोटं कशाला सांगू.

मेगनने वर बघितलं. "घाबरलीयस?"

"हो."

"डिफेंडर घाबरतेच गं. फक्त जागा सोडत नाही. बस."

मी बसले. ऑफिसच्या कपड्यांत, ओल्या गवतात. इराने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मग अजून एक आई आली. मग एक बाबा, फोल्डिंग चेअर घेऊन.

पोलीस आले नाहीत. मॅनेजर बराच वेळ फोनवर बोलत फिरला आणि निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मंगळवार परत मिळाला. गुरुवार नाही.

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "गुरुवारचं काय करताय मग?"

मागच्या वर्षी मेगनला कॅन्सर निघाला. केमो चालू असतानाही ती टोपी घालून खुर्चीत बसून ओरडायची. मुली सांगतात, तो आवाज पार्किंग लॉटपर्यंत जायचा.

दोन आठवड्यांपूर्वी भेटायला गेले आणि रडायला लागले.

"रडून घे," ती म्हणाली. "पण मला शूर वगैरे म्हणू नकोस. मला जायचं नाहीये आणि मी प्रचंड चिडलेय."

"मीपण."

मग दोघी चिडून बोलत बसलो. तशी गप्पांची दुपार दुसरी नाही.

तिच्या मॅचेसचे व्हिडिओ शोधू नका. सापडणार नाहीत. त्या काळी बायकांच्या मॅचला कुणी कॅमेराच आणायचं नाही. म्हणून हे लिहितेय. ती खेळली होती. देशासाठी. बिनपगारी.

आज इराची हायस्कूलची मॅच होती. सकाळी बातमी सांगितली, तेव्हा म्हटलं, आज जाणं कॅन्सल करू या का?

डोळे पुसत म्हणाली, "आई, आय ॲम स्टार्टिंग. सेंटर-बॅक." म्हणजे मधली डिफेंडर.

आता हाफटाइम आहे. स्कोअर विचारू नका.

मेगन, तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून निरोप.