आबांच्या मीटरवर पनीरचं पाणी

साखर वाढली म्हणून आमच्या घरात कुणी आनंदानं ओरडलं असेल, तर ते एकदाच, आणि ओरडणारी मी होते.

मलकापुरात घरामागं माझी पनीरची शेड आहे. पनीर दाबल्यावर उरणारं पिवळसर पाणी, म्हणजे निवळी, गटारात जायची. ती आंबली की गल्ली नाक धरून चालायची. शेवटी गल्लीनं बजावलं, सोमवारपासून निवळी गटारात दिसली तर शेड बंद पाडू. मला भयंकर राग आला, कारण त्यांचं खरं होतं.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांना विचारलं, पिठात पाण्याऐवजी निवळी चालेल का. ते म्हणाले, "गोड असंल तर रोज समदी नेतो. असली खारट-आंबूस घिऊन काय करू?"

आता गंमत अशी की निवळीत साखर असतेच, पण दुधातली ती साखर जिभेला फारशी कळत नाही. एन्झाइमनं फोडली की चांगली गोड लागते. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवलं आणि मला झोपच येईना. एन्झाइम नुसतं ओतलं तर ते निवळीबरोबर निघून जातं. म्हणून ते समुद्री शेवाळाच्या चिकात कालवलं आणि सिरिंजनं थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं. साबुदाण्याएवढे मणी झाले. ते काचेच्या नळीत भरून वरून निवळी सोडायची. एन्झाइम मण्यांत अडकून राहणार, निवळी गोड होऊन खाली येणार, आणि उद्या पुन्हा तेच मणी वापरायचे. इतकी सुंदर युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

तपासायला वडिलांचं, म्हणजे आबांचं, मधुमेहाचं मीटर घेतलं. त्याला फक्त फुटलेली साखर कळते.

"माझ्या पट्ट्या पाण्याला लावतीस व्हय?" आबा म्हणाले.

शनिवारी मीटरला साखर सापडलीच नाही. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. संध्याकाळी विरजण लावायला दूध कोमट व्हायची वाट बघत उभी राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. शेडमध्ये आंबायला नको म्हणून निवळी कढत असतानाच बाहेर सोडायची आमची सवय, तशीच कढत मण्यांवर ओतली होती. एन्झाइम पार निकामी झालं होतं.

रविवारी नवे मणी केले, निवळी कोमट होऊ दिली, हळूहळू सोडली. खालचा थेंब पट्टीवर ठेवला. साखर मापाबाहेर गेल्याचं मीटरनं दाखवलं आणि मी ओरडले.

आबा धावत आले. "कुणाची वाढली गं?"

"निवळीची, आबा!"

आबा जतकडचे, मेंढरांमागं वाढलेले, गोडाचे वेडे. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून चहासुद्धा बिनसाखरेचा. रोज सुई टोचायचं तेच बोट त्यांनी निवळीत बुडवून चाटलं, आणि पटकन हात मागं घेतला.

सोमवारी चाचा किटली घेऊन आले. आबा दारातच निवळीचा पेला धरून उभे होते.

"सगळा प्या," ते म्हणाले. "आन् कसं लागतंय ते नीट सांगा. मला एकच बोट मिळालं."