गावभर विखुरलेली ॲम्बेसेडर

जुन्या गाडीला पार्ट शोधायला निघालं की पार्ट मिळतो एक आणि किस्से मिळतात चार! पार्ट गाडीला बसतो आणि त्याचा विषय संपतो. किस्से मात्र संध्याकाळी अंगणात शेंगा फोडत बसलं की एकेक करून बाहेर येतात. मला रोजचं रोज टिपून ठेवायची सवय, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत.

गाडी आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी ॲम्बेसेडर. आमच्या ब्राह्मणपुरीत त्या काळी नवरदेव न्यायचा असो की शहाद्याच्या दवाखान्यात बाळंतीण, गाडी आबांचीच जायची आणि चालवायचेही आबाच. कोणाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. पुढे गाडी थकली आणि खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. तरी आबांना नाही म्हणता येईना! गाडी मागता येत नाही म्हटल्यावर लोक पार्ट मागायला लागले आणि आबा देत गेले.

यंदा माझ्या मोठ्या भावानं, नानानं, जेवता जेवता जाहीर केलं, "माले शेड ठिबकन्या नळ्या ठेवाले जोयजे. होळीपर्यंत गाडी सोतान्या पायवर बाहेर निंघनी ते ठीक. नही ते भंगारवाला लई जाई."

आबा भाकरीचा अर्धा तुकडा ताटात तसाच ठेवून हात धुवायला उठले. मी आबांना ताटात अन्न टाकताना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "निंघी!"

बोलून बसलो खरा. गाडीच्या टाकीच्या तोंडात तेव्हा चिमणीचं घरटं होतं.

*

शहाद्याचे रफिकभाई आमचे मेकॅनिक. स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं आहे. खळ्यात पाय ठेवता ठेवता म्हणाले, "बापू, मी नुसता आवाजवरथून सांगस, गाडीले काय व्हयनं ते."

मी म्हणालो, "रफिकभाई, ती आवाजच करत नाही."

"मंग तेच दुखनं शे!"

त्यांनी बॉनेट उघडलं. आत डोकं घातलं. मागचं दार उघडलं, खाली वाकून पाहिलं, पुन्हा बॉनेटकडे आले. माझा लहानपणचा दोस्त शरद टॉर्च धरून उभा होता, त्याचा हात दुखायला लागला. शेवटी रफिकभाई कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "इंजिन शे, गिअर शे. बाकीनी गाडी कोठे शे?"

खाटेवरून आबा शांतपणे म्हणाले, "गावमा शे."

आणि मग त्यांनी तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. मागची सीट सुपडू अण्णाच्या दुकानात. हॉर्न भिका तात्याच्या मळ्यात. डावा हेडलाइट काठी गावाच्या वाटेवर रूपसिंगकडे. कोणी काय नेलं, कशासाठी नेलं, नेताना घरी कोण आजारी होतं, सगळं! रफिकभाईंनी मध्येच विचारलं, "आनि बॅटरी, आबा? ती कोले दिन्ही?"

"ती देयेल नही," आबा म्हणाले. "ती मरी गई."

*

सुपडू अण्णांचं केशकर्तनालय बसस्टँडजवळ. आमची मागची सीट तिथे भिंतीला टेकून, खाली विटा लावून, नंबर लागलेल्या गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेली. अण्णा लगेच म्हणाले, "लई जा ना बापू, आबानीच शे. पन बठेल मानसले मी कसा उठाडू?"

सीटवर बसलेला माणूस म्हणजे आमच्याच गल्लीतले एक आजोबा. पेपर खाली न करता म्हणाले, "मन्हा नंबर शे. खुर्ची खाली व्हयनी का उठसू."

आम्ही उभं राहून वाट पाहू लागलो. आजोबा खुर्चीवर गेले, तेवढ्यात दुसरा एक जण येऊन सीटवर बसला. तो उठेस्तोवर तिसरा! शरद म्हणाला, "बापू, ही सीट अशी खाली व्हवाव नही. आपलाच नंबर लावना पडी."

मग आम्ही दोघं सीटवर बसलो, म्हणजे दुसऱ्या कोणाला जागाच राहिली नाही. नंबर आल्यावर एक जण खुर्चीवर, एक जण सीटवर आडवा. संध्याकाळी आम्ही सीट डोक्यावर घेऊन घरी आलो. नानानं आधी सीटकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाला, "गाडी व्हई का नही माहीत नही, तुम्ही दोन्ही मात्र नवा व्हई ग्यात!"

*

भिका तात्यांचा मळा शहादा रस्त्याला लागून. त्यांनी आमचा हॉर्न मक्याच्या शेतात बांबूवर बांधला होता आणि जुन्या बॅटरीवर तो वाजवून ते रानडुकरं हाकलायचे. हॉर्न मागायला गेलो तर तात्या विचारात पडले.

"लई जा बापू. पन डुकरं ऊनात ते मी काय वरडू?"

मी म्हणालो, "तात्या, दुसरा हॉर्न आणून देतो. नवा."

"नवाले ते वळखतस नही ना! ह्या हॉर्नले वळखतस. ह्यान्हा धाक शे."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. या हॉर्नचा धाक आम्हालाही होता. लहानपणी तो गल्लीच्या तोंडाशी वाजला की मी आणि नाना पत्ते लपवून पुस्तकं उघडायचो.

बराच विचार करून तात्यांनी तोड काढली. नवा हॉर्न बांबूवर आणि जुना गाडीवर. पण अट एक, "गाडी मन्हा मळाजोडथून गई का दोनदा वाजाडानं. डुकरंसले कळाले जोयजे, मालक अजून गावमाच शे!"

*

तीन चाकांच्या टोप्या, म्हणजे त्या चकचकीत गोल चकत्या, गावातच सापडल्या. चौथी काही केल्या मिळेना. रफिकभाई म्हणाले, विसरवाडीला जा, हायवेवर जुन्या सामानाची दुकानं आहेत. मी आणि शरद मोटरसायकलवर गेलो.

दुकानदारानं ढिगातून एक टोपी काढली, फडक्यानं पुसली आणि आमच्यासमोर धरली. "देखा. असा माल आते बनस नही. फॉरेननी शे!"

मी ती हातात घेतली. सवयीनं उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'सौ. कमलाबाई, ब्राह्मणपुरी.'

माझ्या आईचं नाव!

लग्नकार्यात भांडी बाहेर जातात म्हणून आमच्याकडे पातेल्यापासून पळीपर्यंत सगळ्यावर नाव टाकून घेतात. नाव कोरणारा दारात आला तेव्हा, आबांचा स्वभाव माहीत असल्यामुळे, आईनं घागरींबरोबर गाडीच्या टोप्याही त्याच्यापुढे ठेवल्या असणार. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिलो.

शरदनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि दुकानदाराला विचारलं, "शेठ, ब्राह्मणपुरी फॉरेनमा कव्हय गई?"

दुकानदारानं नाव वाचलं, ते कोणाचं हे आम्हाला विचारलं, आणि टोपी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. पैसे काही घेतले नाहीत. "घरनी वस्तू घर चालनी," एवढंच म्हणाला.

घरी आबांना दाखवली, तर त्यांना लगेच आठवलं. "केळीना ट्रकवाला लई गयथा. त्याले भाजीवर झाकाले काही नव्हतं."

*

रूपसिंगकाका आबांचे जुने मित्र. काठीच्या होळीला आबा दरवर्षी गाडी घेऊन जायचे तेव्हा मुक्काम त्यांच्याकडेच असायचा. त्यांचं गाव वाटेवर, सातपुड्यात. मी आणि शरद हेडलाइट मागायला गेलो. काका म्हणाले, "दिवा आहे. पण आबाचा दिवा आबाच्याच हातात देईन. त्याला आण."

मग आबांना जीपमध्ये बसवून घेऊन गेलो. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि भांडणच सुरू झालं. एकदा घाटात गाडी बंद पडली होती ती कोणामुळे, यावर! आबा म्हणत, तुझ्या कोंबड्यांच्या टोपल्यांमुळे, वजन जास्त झालं होतं. काका म्हणत, टोपल्या हलक्या होत्या, तूच गिअर चुकीचा टाकलास. जेवणात भांडण, चहाला भांडण. दोघांचे चेहरे असे फुललेले की मध्ये बोलायची आमची हिंमत झाली नाही. निघताना काकांनी जीपची काच ठोठावून शेवटचं सांगितलं, "गिअर चुकीचाच होता!"

घरी पोचल्यावर लक्षात आलं, हेडलाइट तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः एसटीनं आले. मांडीवर हेडलाइट, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, नुसती गोल कड दिसत होती. आबांच्या हातात देत म्हणाले, "जपून धर. कंडक्टरला वाटलं नातवाला घेऊन चाललोय. अर्धं तिकीट फाडत होता!"

*

आबांची गाडी पुन्हा उभी राहतेय ही बातमी पसरली आणि एक वेगळीच अडचण झाली. लोक न मागता पार्ट आणून द्यायला लागले. त्यातले निम्मे आमचे नव्हतेच! कोणी स्कूटरचा आरसा आणला, कोणी ट्रॅक्टरचा दिवा. एका बाईंनी तर बसचा वायपर आणला. मी म्हणालो, "काकू, हा आपला नाही हो. हा आपल्या गाडीला बसणार नाही."

काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बापू. मन्ही पोरगी याच गाडीमा दवाखानामा पोचनी व्हती. आते ती नर्स शे. रिकामा हातवर कशी येऊ?"

आबांनी वायपर ठेवून घेतला. खळ्यात ढीग वाढत गेला. रफिकभाईंनी तो पाहिला आणि म्हणाले, "आबा, अजून दोन म्हैना थांबनात ते यामा एक एसटी बी उभी ऱ्हाई जाई!"

*

होळीच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झालं. शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, रफिकभाईंनी मिशीवरून हात फिरवला. पण गाडी हलवायची कशी? टायर यायचे होते. ते होळीच्या सकाळी आले. रफिकभाई ते बसवत होते, शेवटच्या चाकाचे नट आवळायचे बाकी होते, आणि खळ्याच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभा राहिला. भंगारवाला!

मी नानाकडे धावलो. "नाना, चालू झालीय रे गाडी. काल सगळ्यांनी आवाज ऐकला."

नाना म्हणाला, "आवाजवर शेड खाली व्हस नही. मी होळीपर्यंत बोलनू व्हतू. होळी आज शे."

भंगारवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटानं टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "नाना, आधीच सांगस. मी किलोवर लेस. नगवर नही."

आबा खाटेवर बसून हे ऐकत होते.

टेम्पो गाडीजवळ लावायचा म्हणून भंगारवाल्यानं तो आत घेतला. शेजारच्या उसाचं पाणी फुटून रात्रीच खळ्याच्या कडेला आलं होतं. वरून कोरडी दिसणारी ती काळी माती! मागची चाकं खाली गेली. त्यानं रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. लोक जमले, ढकलून झालं, चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या घालून झाल्या. ट्रॅक्टर म्हणावा तर ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. टेम्पो काही हलेना.

तेवढ्यात शेडमधून आवाज आला. आधी घरघर, मग एकसारखा, भरदार.

आबांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. खाटेवरून उठून ते गाडीत जाऊन बसले होते. रफिकभाई शेवटचा नट आवळून, हातात पाना घेऊन बाजूला झाले. ॲम्बेसेडर शेडमधून बाहेर आली, स्वतःच्या पायावर. कोरड्या जागेवरून वळसा घेऊन टेम्पोच्या पुढे जाऊन उभी राहिली.

दोर कोण बांधणार, म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं. नाना आधीच खाली वाकलेला होता. लहानपणी बैलगाडीला बांधायचा तशी दुहेरी गाठ त्यानं मारली, ओढून पाहिली आणि आबांकडे बघून हात वर केला.

दोर ताणला गेला. गाडीचं नाक किंचित वर आलं. शरद ओरडला, "आबा, पहिला गिअर!"

"माले शिकाडस का?" आतून आवाज आला.

आणि टेम्पो हलला! चिखलातून निघाला, खळ्याच्या तोंडातून निघाला, गल्लीतून आबांच्या मागे मागे थेट डांबरी रस्त्यापर्यंत आला. बाया ओट्यावर उभ्या होत्या. लोक दोन्ही बाजूंनी चालत होते आणि एकमेकांना दाखवत होते, "तो दिवा दिखना का? ती सीट आमनाकडलीच!"

रस्त्यावर आल्यावर आबांनी गाडी थांबवली. नानानं दोर सोडला, झटकला आणि शांतपणे हातावर गुंडाळायला लागला. भंगारवाला खाली उतरला. गाडीकडे बघेना, नानाकडेही बघेना. घसा खाकरून म्हणाला, "मंग नाना, कसं करानं?"

नानानं गाडीकडे बोट केलं.

"माले काय इचारस? आबाले इचार. टेम्पो किलोवर लेतस का नगवर."