रेशमाला विटाळ नसतो

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर मुकटा येऊन पडला, तेव्हा ओटीवरचे पाहुणे हसले. मुकटा म्हणजे पूजेला नेसायचं जाड रेशमी वस्त्र. डॉक्टरांच्या आत्याबाईंनी तो वरूनच भिरकावला होता. चंद्री खाली अंगणात उकिडवी बसलेली. मुकटा तोंडावर घसरला तशा आत्याबाई ओरडल्या, "सरळ बस गो! नवरी आहेस काय लाजायला?"

पुन्हा हशा.

काय थाट होता म्हणता! महाराच्या पोरीला जन्मात पहिल्यांदा रेशीम मिळालं, आणि तेही थेट डोक्यावर. सूत बाटतं, रेशीम बाटत नाही. हा शोध ज्याने लावला त्याचे पाय धुवायला हवेत. लांबूनच.

विलायतेहून शिकून आलेले डॉक्टर पायऱ्या उतरले. नळीची दोन टोकं कानात घातली, तिसरं मुकट्यावर टेकवलं. सरकवलं. पुन्हा टेकवलं.

"काही नाही," ते म्हणाले. "आवाजबिवाज नाही. साधं फेफरं आहे."

"आये रोज ऐकते," मी म्हणालो. "डोक्यात घों घों वाजतं."

"वाजेल नाहीतर काय!" आत्याबाई वरून म्हणाल्या. "रिकामं मडकं वाजतंच हो."

पाहुण्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. माझा बापही हात जोडून हसला. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं.

आम्ही तिथे मरायला गेलो कशाला, ते सांगतो. मी त्याच घरी परसात लाकडं फोडायचो. एके दिवशी डॉक्टर पाहुण्यांना विलायतेच्या गोष्टी सांगत होते. म्हणाले, काही माणसांच्या मेंदूत, अगदी खोल, रक्ताच्या नळ्यांचा गुंता असतो. जन्मापासून. माणसाला झटके येतात. डोक्याला कान लावला तर आत घरघर ऐकू येते. गुंता फुटला की खेळ संपला. तिकडचे सर्जन म्हणे कवटीला खिडकी पाडतात, गुंत्यात शिरणाऱ्या नळ्या एकेक करून बांधतात आणि तो अख्खा उचलून काढतात. एक नळी निसटली तर मेंदू रक्तात बुडतो. मुंबईतही एक सर्जन कवटी उघडू लागले आहेत.

माझी कुऱ्हाड ओंडक्यात तशीच राहिली.

कारण ती घरघर आमच्या घरी होती. चंद्रीच्या उवा काढताना आयेचा कान तिच्या डोक्याला लागला आणि ती दचकली. मग आम्ही सगळ्यांनी कान लावून पाहिले. वाडीतली माणसं ऐकायला यायची. चंद्री मोठी नाटकी. डोकं पुढे करून म्हणायची, "ऐका, ऐका! माझ्या डोक्यात जातं आहे. पीठ कुठे सांडतं ते तेवढं कळत नाय." पण झटका आला की तिचे डोळे फिरायचे, आणि आमचं हसणं बंद व्हायचं.

तो वैशाख होता. आगबोटी चालू होत्या. मांडवी बंदरात होडीत बसायचं, आगबोट गाठायची, की मुंबई. पण डॉक्टर म्हणाले काही नाही. आम्ही घरी आलो.

आषाढात चंद्री भात लावताना ओरडली, "दादा, डोकं!" आणि चिखलात पडली. ओकली. उजवा हात आणि पाय मेले. घोंगडीची झोळी करून आम्ही तिला पुन्हा त्याच अंगणात नेलं. पाऊस कोसळत होता.

डॉक्टर बाहेर आले. आधी काय म्हणाले असतील? "आते, मुकटा टाक."

मी झोळीच्या आडवा उभा राहिलो. "मुकटा नको. कान लावा."

"काय?"

"तुमचा कान. तिच्या डोक्याला."

"जीभ झडो मेल्याची!" आत्याबाई कडाडल्या. "बाळ, शिवलास तर घरात पाऊल टाकायचं नाही हो!"

बापाने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. डॉक्टरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग चिखलात गुडघे टेकले आणि उघडा कान चंद्रीच्या डोक्याला लावला. त्यांचा चेहरा उतरताना मी बघितला.

"आहे," ते म्हणाले. "चांगला मोठा आहे."

"मग वैशाखात का नाय ऐकू आला?"

"रेशीम... सळसळत होतं."

"आता?"

"मुंबईला न्यायला हवं."

"कशातून?"

पावसाळ्यात आगबोट नसते, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आगगाडी गाठायला घाट चढायचा, तर बैलगाडीच्या हिसक्यांनी ती वाटेतच गेली असती.

"वैशाखात नेली असती तर जगली असती?"

"सांगता येत नाही. गुंता फार खोल असला तर सर्जनचाही हात थांबतो. पण त्यांनी बघितलं तरी असतं."

आम्ही झोळी उचलली तेव्हा डॉक्टर विहिरीवर अंघोळ करत होते. वरून पाऊस, हातात कळशी. असा देखावा पैसे देऊन मिळायचा नाही!

चंद्री त्याच आठवड्यात गेली. गुंत्यावर माझा राग नाही. त्याने जात विचारली नव्हती. ती सर्जनच्या हातून मेली असती तरी मी रडून गप्प बसलो असतो. पण यांनी तिच्यापर्यंत हातच पोचू दिला नाही.

तिला पुरल्यावर मी गावातल्या दवाखान्यात गेलो. आमची माणसं तिथे दगडी कुंपणाच्या गडग्याबाहेर उभी राहायची, बाकीचे सगळे आटपेपर्यंत. मी सरळ आत गेलो आणि बाकावर बसलो. शेजारचे टुणकन उठले. अख्खा बाक मला एकट्याला! मी मांडी घातली.

कंपाउंडर धावत आला. "ए, ऊठ! बाहेर हो!"

"नाय उठणार."

"काय होतंय काय तुला?"

"राग आलाय. तपासा."

त्याने मला मानगूट धरून बाहेर फेकलं. रागाच्या भरात विटाळ विसरला, बघा! मारायला शिवलेलं चालतं तर. कपाळ फुटलं. ते तसंच घेऊन मी गडग्याबाहेर गेलो. आमचे पाचसात जण अंग चोरून उभे होते. त्यांना म्हटलं, "उद्या सगळ्यांनी आत बसायचं. फेकतील. परवा परत बसायचं. नाडीला बोट लावल्याशिवाय दिलेलं औषध कुणी घ्यायचं नाय. मेलो तरी नाय."

एक म्हातारी म्हणाली, "आणि नाय लावलान बोट तर?"

"तर दवाखाना त्यांच्यासाठीही चालू द्यायचा नाय."