आतडं जागं होईपर्यंत

आमच्या थोरल्या मामांना माणसाचा चेहरा दिसतच नाही, थेट पोट दिसतं. सेलूच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गावालाच विद्यार्थी करून टाकलं. दारात आलेल्याला 'कसा आहेस' विचारायच्या आधी ते 'सकाळी पोट साफ झालं का' विचारतात. मग तो पेपर टाकणारा असो की मुलगी बघायला आलेला पाहुणा. पंगतीत तर त्यांच्या शेजारची जागा सगळे टाळतात. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी पानावरून उठत नाही, आणि शेवटचा माणूस नेहमी मामाच. पोळीचा घास गोड लागेपर्यंत ते चावतात, कारण लाळ म्हणे तोंडातच पिठाची साखर करायला घेते. पुढची पंगत उभ्यानं ताटकळते, नवरीचा बाप हात जोडतो आणि मामा शांतपणे सांगतात, "घाई नोको करू बापू. पोटाले दात नसते."

एकदा शेजाऱ्यांना लहान आतड्याची लांबी समजावायला त्यांनी दोरीवर वाळत घातलेलं मामींचं लुगडंच ओढलं आणि अंगणात लांबलचक पसरलं. "एवढं लांब आतडं पोटात घडी करून बसते. जेवणाचा सारा कस इथूनच रक्तात जाते." मामी आधीच लाजाळू, चारचौघांत जांभई आली तरी पदर तोंडावर घेणाऱ्या. त्या मागच्या दारानं ज्या गेल्या, त्या दिवेलागणीलाच परतल्या.

गेल्या वर्षी याच मामींच्या आतड्याला पीळ पडला. सेवाग्रामला तातडीनं ऑपरेशन झालं, नीट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर आतडं झोपून असतं. गॅस सरला की ते जागं झालं समजायचं. तोवर तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नाही." रोज सकाळी त्या विचारायच्या आणि मामी मान हलवून नाही म्हणायच्या. शेवटी बाई काळजीत पडल्या. "उद्यापर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा पोट उघडायचं का, याचा विचार करावा लागेल."

दुपारी मी मामांचा डबा घेऊन गेलो, तर मामा खाटेजवळच्या स्टुलावर बसलेले. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते मामींना म्हणाले, "जनमभर साऱ्या दुनियेच्या पोटाचं सांगत राह्यलो. अन तुह्या पोटात काय होऊन राह्यलं, तेच मले समजत नाई." आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. मामींनी त्यांना रडताना कधी पाहिलं नसावं. त्यांनी आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कालच सरला जी. तुमी साऱ्या सेलूत सांगत फिरसान, म्हून बोलली नाई."

मला वाटलं, मामा आता चिडणार. ते नुसते उठले आणि सिस्टरच्या कानाशी लागून काहीतरी सांगून आले. डॉक्टरीणबाईंनी येऊन पोट तपासलं, हसल्या आणि घोट घोट पाणी द्यायला सांगून गेल्या.

मामांनी चमच्यानं पाणी पाजलं. त्या घोटाचा घशापासून पुढचा सगळा रस्ता त्यांना तोंडपाठ होता, एरवी तो त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकवला असता. आता ते फक्त मामींचा गळा हलताना बघत राहिले. मला त्या म्हाताऱ्या माणसाची फार माया आली. मामींनी डोळे न उघडताच पुन्हा तोंड उघडलं, आणि मामांनी दुसरा चमचा भरला.