रत्नाच्या बाजूची जाळी

वारूळवाडीच्या मंगलला तसं जगात कुणाचंच वावडं नव्हतं, एका धाकट्या जावेचं सोडून. रत्नाची भाकरी टम्म फुगायची, रत्नाच्या दारची कोथिंबीर उन्हाळ्यातही तग धरायची, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिच्या कोंबड्यासुद्धा अंगानं भरल्या. भाकरी फुगली तर माणूस निदान आपलं दार लावून घेतं. पण दोघींच्या कोंबड्या एकाच जाळीच्या दोन बाजूंना. तिथं डोळे कुठवर झाकायचे?

बिबट्या उसात राहायला आल्यापासून कोंबड्या मोकळ्या सोडायची सोय उरली नव्हती. दोघा भावांनी मागच्या अंगणाला चहूबाजूंनी आणि वरूनही जाळी मारून घेतली, मधे एक जाळी टाकून निम्मं निम्मं करून दिलं. माती एकच, ऊन एकच. पण कोंबड्या कोंडल्या की आतलं गवताचं पातंही शिल्लक ठेवत नाहीत, आणि वरून पाऊस आला की नुसता राडा. तेव्हा खाली अंथरायचं काय, हा प्रश्न दोघींपुढं एकदमच आला.

त्याच सुमाराला मंगलची आई सारजाबाई चार दिवस लेकीकडं आली होती. ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली, भाताच्या मुलखातली. ओट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "मंगल, खाली भाताचं तूस टाक आन् वर सुका पाला. कोंबडीला उकराया मिळालं पायजे. ती उकरती म्हणून तर कोंबडी."

मंगलनं "हं" केलं आणि फोनवर टोमॅटोचा भाव विचारत राहिली. रत्नानं मात्र सगळं ऐकलं. मावशी, किती जाड टाकू? मावशी, ओलं झालं तर काय करू? विचारून विचारून तिनं म्हातारीला भंडावलं, आणि म्हातारी अशी खुलली की दुसऱ्या दिवशी पदर खोचून रत्नाच्या जाळीत उभी. दोघी मिळून बांधावरच्या आंब्याचा पाला पसरत होत्या, हसत होत्या. मंगल चहा घेऊन गेली तर आईनं वर न बघता म्हटलं, "ठेव तिथं."

निघताना सारजाबाईनं रत्नाच्या पाठीवरून हात फिरवला. "लई गुणाची हाय गं ही." झालं! मंगलच्या अंगाचा तिळपापड झाला. आई माझी, आणि हात हिच्या पाठीवर? गाडी नजरेआड व्हायच्या आत तिनं ठरवलं, वाटेल ते अंथरीन, पण पाला नाही.

तिनं अंथरला मल्चिंग पेपर, टोमॅटोच्या वाफ्यावर तण येऊ नये म्हणून पसरतात तो प्लास्टिकचा कागद. आपल्याकडं टोमॅटोवाल्याच्या घरात एक वेळ साखर नसेल, पण कोपऱ्यात मल्चिंगचा उरलेला रोल असतोच. वरून चंदेरी, खालून काळा. कडा मातीत दाबल्या, आणि जाळीत आरसा मांडल्यासारखं दिसायला लागलं.

नवरा रामनाथ बघतच राहिला. "आगं, कोंबड्यांना काय टोमॅटो लागणार हायेत व्हय?"

"तुमी गप बसा. चिखल न्हाई, घाण न्हाई. पाणी मारलं की लख्ख!" हे तिनं रामनाथला कमी आणि जाळीपलीकडं जास्त सांगितलं. रत्ना म्हणाली, "छान दिसतंय, ताई." मनापासून म्हणाली, तेच मंगलला जास्त झोंबलं.

पाऊस आला आणि कागदावर डबकी साचली. त्यात विष्ठा तरंगायला लागली. ऊन पडलं की कागद असा तापायचा की कोंबड्या एक पाय वर, एक पाय खाली करत उभ्या. अंडी बंद झाली. तेही मंगलनं सोसलं असतं. पण सकाळी बघावं तर तिच्या घरचे दाणे खाणाऱ्या सगळ्या कोंबड्या रत्नाच्या बाजूच्या जाळीला चिकटून! माना पलीकडं घालून रत्नाच्या पाल्यातले किडे टिपतायत. मंगलनं रागानं त्या जाळीवर जुनी साडी बांधली. कोंबड्या साडीखाली जाऊन बसल्या. आईही तिची, आता कोंबड्याही तिच्या, मंगल रामनाथला म्हणाली आणि तिला रडू आलं.

अशात आईचा फोन आला. डोळा दाखवायला इथं जवळच नारायणगावला यायचं होतं, म्हणजे मुक्काम लेकीकडंच. आईनं हे पाहिलं तर नाकच कापलं जाणार. आणि एकदा, फक्त एकदा, तिला आईचा तो हात आपल्या पाठीवर हवा होता. तिनं कागद टराटरा फाडून काढला. गिरणीतून तूस आणवलं, लांबच्या बांधावरून स्वतः पाला वेचून आणला. रत्नाकडं एक पान मागितलं नाही. कोंबड्या आधी बिचकल्या, मग एकीनं पाय मारला, आणि बघता बघता सगळ्या उकरायला लागल्या, रत्नाच्या जाळीकडं पाठ करून. मंगलला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सारजाबाई आली. जाळीत वाकली, हातानं पाला चाचपला, खालचं तूस मुठीत घेऊन दाबून पाहिलं.

"बेस केलंस. रत्नाचं बघून शिकलीस व्हय?"

"रत्नाचं?" मंगलचा आवाज चढला. "आई, हे तुझं हाय! तूच सांगितलं व्हतंस ना!"

"तुलाच सांगत व्हते, बाय. तू कुठं ऐकत व्हतीस? मग जी ऐकत व्हती तिला सांगितलं."

मंगल खाली बघत, लहान पोरीसारखी म्हणाली, "मग आता सांग. आता ऐकते."

सारजाबाई हसली. "आता काय सांगू? आता येतंय की तुला समदं."

तेवढ्यात पलीकडून रत्नाची हाक आली. तिची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक होऊन अंडी उबवायला बसली होती, आणि तिच्याखाली अंडी किती ठेवायची ते तिला माहीत नव्हतं. "आले गं," म्हणत म्हातारी हात झटकून तिकडं गेली.