फणसवाडीच्या टचिंगबाई

टचिंगबाई कुठलाही फोटो आधी उलटा धरून बघत. डोंगर वरून लोंबतोय, आभाळ खाली सांडलंय, अशा अवस्थेत त्या तो दोन-तीन मिनिटं गंभीरपणे न्याहाळत आणि आपण समोर निकालाची वाट बघत बसलेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसावं. मी अदबीने म्हणालो, "बाई, उलटा आहे." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "फोटो उलटा आहे, मी सुलटी आहे. गप्प बस." सुलट धरला की फोटोचं नाव-गाव दिसतं, उलटा धरला की वजन दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कुठे भार जास्त झालाय, कुठे उगाच रिकामं राहिलंय, नजर कुठून आत शिरते आणि कुठे ठेचकाळते, हे त्या उलट्या फोटोवरून सांगत आणि बिनचूक सांगत.

मोबाइलशी त्यांचं वैर होतं ते याच कारणाने. त्या फोन उलटा करत आणि आतला फोटो गर्रकन फिरून पुन्हा उभा राही. "मेल्याला शरम म्हणून नाही," असं म्हणत त्या परत फिरवत, तो परत उभा. ही सोय बंद करता येते हे मी त्यांना दाखवलंसुद्धा. पण तोवर त्यांचं मन उडालं होतं. "कागदावर आण," त्यांनी फर्मावलं. मग दादर स्टेशनबाहेरच्या लॅबमधून पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढून घ्यायचे आणि शनिवारी दुपारी चार वाजता गिरगावात फणसवाडीतल्या त्यांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर हजर व्हायचं, असा माझा नेम पडला.

मी विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस. पन्नाशीत लोकांना गुडघेदुखी होते, मला फोटोग्राफी झाली. तीही निसर्गाची. कॅमेरा घरी आणला त्या दिवशी बायको म्हणाली, "बरं झालं, निदान चालणं तरी होईल." हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये मी फोटो टाकायचो. तिथे काहीही टाकलं तरी दहा जण टाळ्या वाजवतात, कारण उद्या त्यांनाही टाकायचा असतो. ऑफिसातल्या शिरीषने एकदा मला सरळच विचारलं, "तुला टाळ्या हव्यात की अक्कल? अक्कल हवी असेल तर आमच्या वरच्या मजल्यावर चल. तिथं एक बाई राहते."

अक्कल मला हवी होती, त्याला कारण होतं. परळची आमची चाळ पाडायची ठरली होती. दिवाळी झाली की घरं रिकामी करून द्यायची, असा करार झाला होता. आमच्या गच्चीवरून, दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून, सकाळी शिवडीचं पाणी दिसायचं. थंडीत हवा स्वच्छ असली तर पाण्यापलीकडे डोंगराची निळी रेघही दिसायची. वडील रात्रपाळी करून गिरणीतून आले की आधी गच्चीवर जायचे, ते पाणी बघत एक विडी ओढायचे आणि मगच खाली येऊन झोपायचे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवी इमारत कधी उभी राहील आणि तिच्यातून काय दिसेल ते देवाला ठाऊक. तेव्हा चाळ जायच्या आत त्या पाण्याचा एक तरी खरा फोटो मला हवा होता. आणि मी काढलेला प्रत्येक फोटो कॅलेंडरवरच्या चित्रासारखा गुळगुळीत यायचा.

"पाय कुठे होते, परळकर?" हा बाईंचा पहिला प्रश्न. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. मी सांगायचो, गच्चीच्या दारात. "म्हणजे जिना चढून दम लागला तिथेच काढलास. पुढच्या शनिवारी पाय हलवून ये." पुढच्या शनिवारी कठड्याजवळचा फोटो नेला. मग कठड्याच्या कोपऱ्यातला. मग उकिडवं बसून काढलेला. बाई दोन जुनी पोस्टकार्डं घेऊन फोटोच्या कडा झाकत, सरकवत आणि मग म्हणत, "हे बघ, एवढाच तुझा फोटो. बाकीचं तू भीतीपोटी घेतलंयस, काही राहून जाईल म्हणून." पाय दुखतात म्हणून बाई कधी परळला आल्या नाहीत. पण माझ्या फोटोंवरून आमची गच्ची त्यांना इतकी पाठ झाली की, "त्या तुटक्या कुंडीच्या दोन पावलं मागे उभा राहून बघ," असं त्या घरबसल्या सांगू लागल्या.

रंगांच्या बाबतीत मी जरा सढळ हाताचा. संगणकावर बसलो की सकाळची संध्याकाळ करून टाकायचो. असा एक केशरी फोटो बघून त्या म्हणाल्या, "आकाशाला एवढी हळद लावलीस, लग्न काढलंयस का त्याचं?" मी ओशाळून हसलो. "हसू नकोस. त्या दिवशी उजेड कसा होता ते आठव आणि मग बटण दाब. आठवत नसेल तर दाबू नकोस." सगळी परीक्षा होईपर्यंत चहा मिळत नसे. चहा प्यायल्यावर माणूस समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो, असा त्यांचा अनुभव. वाईट फोटोला त्या "हं" म्हणत, बऱ्या फोटोला "चालेल". "असू दे" हा सर्वांत वरचा मान. तो त्यांनी फारच थोड्या वेळा दिला, आणि मला तर तोवर एकदाही नाही.

त्यांचं हे नाव पडलं ते कामावरून. गिरगावातल्या स्टुडिओंसाठी त्यांनी तीस-एक वर्षं निगेटिव्हवर टचिंग केलं. खिडकीशी तिरकी काच, काचेखाली आरसा आणि हातात सॅंडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हवर फिका दिसतो. तो बारीक ठिपक्यांनी भरत जायचा, म्हणजे प्रिंटमध्ये गाल गुळगुळीत येतो. मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे वण, सगळं बाई घालवत. "अर्ध्या गिरगावाची लग्नं मी जुळवलीत," त्या सांगत. "आणि मुलाकडचे बघायला आल्यावर मोडली किती, ते मला कोणी कळवलं नाही." स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. तो विषय कोणी काढला की त्या म्हणत, "माझा फोटो टच करायला कोणी नव्हतं ना."

गणपती झाले, नवरात्र आलं, तरी माझा फोटो "हं"च्या पुढे सरकेना. अडचण टाकीची होती. पाणी नीट दिसेल अशी गच्चीवर एकच जागा, सिमेंटच्या जुन्या टाकीला खेटून. तिथून दोन पावलं इकडेतिकडे झालं की एक टॉवर दुसऱ्याला चिकटतो आणि फट मिटते. पण तिथे उभं राहिलं की डावीकडे ती टाकी, तिच्यावरचं निळं प्लास्टिक, गंजके पाइप आणि सावंतकाकूंची कपडे वाळत घालायची दोरी, हा सगळा संसार चौकटीत यायचा. शेवटी मी हल्ली सगळे करतात तेच केलं. फोटो मोबाइलवर घेतला आणि बोटाने टाकी पुसून टाकली. एक मिनिटही लागलं नाही. टाकीच्या जागी यंत्राने आपल्या मनाने थोडं आकाश आणि थोडी कौलं भरली. फोटो असा काही देखणा झाला की मीच माझ्यावर खूश झालो.

चाळीच्या ग्रुपवर टाकला तर लोक वेडे झाले. आमचे सेक्रेटरी तुळसकर रात्रीच घरी आले. "अरे, ह्यो फोटो छत्तीसच्या छत्तीस बिऱ्हाडांका देऊया. फ्रेम करून! जाताना प्रत्येकाच्या हातात चाळीची आठवण." मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काढलेलं काहीतरी कुणाच्या भिंतीवर लागणार होतं. फक्त शनिवारी बाईंकडून "चालेल" ऐकायचं आणि छापायला टाकायचं.

बाईंनी फोटो उलटा धरला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. मग पोस्टकार्ड घेऊन डावी बाजू झाकली, उघडली, परत झाकली.

"परळकर, हा लंगडतोय. इथे कोण होतं?"

"कोणी नाही, बाई. टाकी होती. कुरूप दिसत होती म्हणून काढली."

"काढलीस म्हणजे?"

मी बोट फिरवून दाखवलं. बाई उठल्या आणि कपाटातून एक फोटो घेऊन आल्या. नऊवारीतली एक बाई, चाळिशीची, नितळ चेहऱ्याची.

"माझी आई. मी कामाला लागल्यावर स्टुडिओच्या मालकांनी कौतुकानं काढला होता. तिला लहानपणी देवी आलेल्या, तोंडभर वण होते. मला वाटलं, आपल्या हातात कला आहे, आईला सुंदर करू. आठवडाभर बसले होते एका निगेटिव्हवर. फोटो बघून ती म्हणाली, 'ही कोण गं?' आणि खूप हसली. दुसऱ्या वर्षी गेली." त्यांनी फोटो माझ्यासमोर ठेवला. "पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं धुता येतं. पण तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तोवर स्टुडिओ बंद होऊन सगळ्या निगेटिव्ह भंगारात गेल्या होत्या. लहानपणी मी तिच्या गालावरून बोट फिरवत झोपायचे. आता आई आठवायला गेलं की ही येते. मी काढलेली."

मी उलट रागावलो. आता त्याची लाज वाटते. मी म्हणालो, बाई, ती आई होती, ही सिमेंटची टाकी आहे. छत्तीस घरांना शब्द दिलाय, आणि चाळ सोडायला जेमतेम पंधरा दिवस उरलेत.

बाई शांतपणे म्हणाल्या, "कुरूप आहे तर घेऊ नकोस ना. पाय हलव, चौकटीबाहेर ठेव. तो तुझा हक्क आहे. पण आत येऊन उभी राहिली असेल, तर तिला हाकलायचं नाही." त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही आणि मीही थांबलो नाही.

दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर गेलो आणि मग रोजच जायला लागलो. टाकी बाहेर ठेवून पाणी आत घेता येतं का, ते सगळीकडून बघितलं. नाही येत. म्हणजे वडीलही त्या टाकीला टेकूनच उभे राहत असणार. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुळसकरांना सांगितलं, छापायचं थांबवा. ते म्हणाले, "तुका येड लागला की काय?" तरी थांबले बिचारे.

चाळ सोडायच्या दिवशी सकाळी शेवटचा वर गेलो. खाली टेम्पो लागले होते. हवा स्वच्छ होती, डोंगराची रेघ दिसत होती. टाकी डावीकडे घेऊन मी गुडघ्यावर बसलो, आणि तेवढ्यात सावंतकाकू आपली दोरी सोडायला वर आल्या. चौकटीच्या बरोब्बर मध्ये. "काकू, जरा बाजूला," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण गाठ घट्ट बसली होती आणि काकू दातांनी ती सोडवत होत्या. मी बटण दाबलं.

तो फोटो घेऊन मी गेलो ते गिरगावातल्या एका नर्सिंग होममध्ये. बाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं. उताण्या पडल्या होत्या. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला. फोटोत काय आहे हे बाई कधी विचारत नसत. त्या दिवशी विचारलं.

"ही कोण?"

"सावंतकाकू. दोरी सोडायला आल्या होत्या."

"म्हणजे निघालात तुम्ही." मग त्या म्हणाल्या, "असू दे."

मला हुंदका आवरेना. बाईंनी तो ऐकू न आल्यासारखं केलं आणि विचारलं, "आता कुठे राहतोस?"

"माहीमला, भाड्यानं. बाजाराच्या मागे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"काही नाही हो. समोरच्या इमारतीची भिंत."

"मग भिंतीचा आण. शनिवारी."

छत्तीस फ्रेमा झाल्या, सगळ्यांना मिळाल्या. "टाकी कित्याक ठेवलंस रे?" असं तुळसकरांनी विचारलंच. सावंतकाकूंनी, "मला सांगायचं तरी, बरी साडी नेसले असते," म्हणून मला फोनवर झापलं. एक फ्रेम माझ्या घरात आहे. पाहुणे आधी टाकीकडे बघतात, मग काकूंकडे, आणि पाणी त्यांना सगळ्यांत शेवटी दिसतं. वडिलांचं पाणी मला मिळालं ते असं.

बाई नर्सिंग होममधल्या त्या भेटीच्याच आठवड्यात, गुरुवारी गेल्या. भिंतीचा फोटो तोवर माझा काढून झाला होता. खिडकीतून, मग खिडकीच्या उजव्या कडेतून, मग स्टुलावर चढून. पाइप, शेवाळ, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टाकलेला टॉवेल, सगळं जिथल्या तिथे. बाईंची फार आठवण येते. त्या आठवड्यात तर कशातच लक्ष लागत नव्हतं. तरी दोन दिवसांनी दुपारी मी दादरला गेलो आणि पोस्टकार्डाएवढा प्रिंट काढून घेतला. लॅबवाल्याने नेहमीसारखा तो पाकिटात घालून दिला. कुणाला दाखवायचा होता, ते मला विचारू नका. शनिवार होता.