खंडेनवमीची सुट्टी

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पुरणाने बरबटलेले होते. कोपराने फोन दाबला, तर पलीकडून एकच वाक्य आलं. "अगं, फोटोच दिसेनात."

फोटो म्हणजे एक्स-रे. नंदगडपासून निपाणीपर्यंतच्या लहानसहान एक्स-रे सेंटरांत काढलेले फोटो माझ्या सर्व्हरवर येतात आणि या बाई बेळगावात बसून ते बघतात, हाड मोडलंय की नाही ते सांगतात. आणि सर्व्हर कुठे? तर हिंडलग्यात, आमच्या घरी, रताळ्याच्या खोलीत. पुण्यातली नोकरी सोडून मी हा उद्योग थाटला तेव्हा घरात तेवढी एकच खोली रिकामी होती, आणि तीही रताळी निघेपर्यंतच. हंगामात एका भिंतीला सर्व्हर आणि दुसऱ्या भिंतीला रताळ्यांची पोती, असा आमचा संसार.

"नंदगडच्या एक आजी तोरणासाठी डहाळे काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या," बाई सांगत होत्या. "खुबा मोडला असेल तर लगेच बेळगावला आणायला सांगायचंय. गाडी दारात थांबलीय."

मी तशीच रताळ्याच्या खोलीत धावले. पाहते तर काय, माझा सर्व्हर हळद-कुंकू लावून, झेंडूचा हार घालून, पुढ्यात लिंबू आणि उदबत्ती घेऊन शांत बसलेला. शेजारी कोयता, खुरपी, आईचं शिलाई मशीन आणि आप्पांचा फौंड्रीतला जुना हातोडा. सगळ्यांना सारखाच मान. आणि सर्व्हरचा एकही दिवा लागलेला नाही.

"आप्पा, हे कुणी बंद केलं?"

"मी," माझे वडील समाधानाने म्हणाले. "पूजा झाली न्हवं? आता दसऱ्यापतोर हत्याराला हात लावायचा न्हाय."

मी तोंडाने तिखट आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. "अवो, तिकडं म्हातारी खोळंबलीया! तुमास्नी काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत मी हार उचलून बाजूला टाकला आणि बटण दाबलं. आप्पा नुसतं "व्हय, न्हाय कळत," म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

मशीन उठायला वीस मिनिटं लागली. एवढी लांब वीस मिनिटं मी आयुष्यात पाहिली नाहीत. शेवटी बाईंचा फोन आला. मोडलं नव्हतं, मुका मार होता. आजींनी सेंटरच्या बाकावर बसूनच विचारलं म्हणे, मग आता घरी जाऊन पोळी खाऊ का. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग एकदम लाज वाटली.

कारण आप्पांना मशीन कळत नाही, हे मी बोलावं म्हणजे अतीच झालं. फौंड्रीत जन्म घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून माझ्या सर्व्हरची निगा तेच राखत होते. रोज सकाळी मऊ फडक्याने धूळ पुसायची, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं, मग दाराशी उभं राहून कान द्यायचा. एकदा "डाव्या पंख्याचं बेअरिंग चाललंय बघ" म्हणाले. मी हसण्यावारी नेलं आणि दोन दिवसांनी तोच पंखा बसला.

पोळ्या लाटताना आई मला म्हणाली, "तुला ठावं हाय का, फौंड्रीतली भट्टी वर्सात एकदाच थंड व्हायची. खंडेनवमीला. त्या एका दिसाला तुझा बाप दुपारी घरात निजायचा. बाकी वर्सभर कवा आला, कवा गेला, मलाबी कळायचं न्हाय."

म्हणजे आप्पांनी त्या मशीनला स्वतःच्या वाटणीची सुट्टी दिली होती.

पण सर्व्हर घरात ठेवून भागणार नव्हतं, हेही खरंच. खोड फक्त खंडेनवमीची नव्हती. पावसाळ्यात लाईट जायची, रस्ता खणणारा जेसीबी वर्षातून एकदा तरी आमची केबल उपटायचा, आणि रताळ्यांच्या मागे उंदीर यायचे ते वायरीही चाखून बघायचे. आठवड्याभराने मी आप्पांना समोर बसवलं. दोन वाटा आहेत, म्हटलं. एक म्हणजे मोठ्या कंपनीच्या मशीनवर भाड्याने जागा घ्यायची. आज थोडी, उद्या जास्त, नको झाली की सोडून द्यायची. ज्याचं काम कमीजास्त होतं, किंवा ज्याला मशीन उघडायची भीती वाटते, त्याला ते उत्तम. दुसरी वाट कोलोकेशनची. मशीन आपलंच, पण ते ठेवायचं त्यांच्या इमारतीत. वीज, थंडावा, इंटरनेट, पहारा सगळं त्यांचं, आणि आपण जागेचं भाडं द्यायचं.

"म्हंजे निपाणीच्या वखारीगत," आप्पा म्हणाले. त्यांचं आजोळ निपाणीकडचं, तंबाखू पिकवणारं. "तंबाकू आपला, वखार दुसऱ्याची. घरात ठेवला की वल धरतोय."

"तसंच. आपल्याकडं मशीन हाय, ते रोज सारखंच राबतंय, आणि फोटो वजनदार. एवढं सगळं भाड्याच्या मशीनवर ठेवायला आपल्याला परवडत न्हाय. आपल्याला वखारच बरी."

आप्पांनी मान हलवली, पण उठून ते रताळ्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मशीन गेलं की त्यांची सकाळ रिकामी होणार होती, हे मला तेव्हा कुठे उमगलं. मी काही बोलणार तोच त्यांनी विचारलं, "तिथं त्येला सुट्टी कोण देणार?"

मला हसू आलं. "सुट्टी कसली आप्पा? ते कायम चालू ठेवायला तर तिथं न्यायचं."

"मग दोन ठेव की. भट्टी एकच होती म्हणून थंड करावी लागायची. दोन असली की एक काम करंल, एक निजंल. आणि एक मोडलं तर म्हातारीला वीस मिनटं बसाया लागायचं न्हाय."

हेच सगळ्या शिक्षकांनी माझ्याकडून कॉलेजात घोकून घेतलं होतं, आणि मी चिक्कूपणाने वर्षानुवर्षं पुढे ढकलत आले होते. कपाटात एक जुनं मशीन पडूनही होतं. फौंड्रीतल्या माणसाने मला माझाच धडा वाचून दाखवला होता.

आम्ही दोन्ही मशीनं वाकळेत गुंडाळून बेंगळुरूला नेली. आप्पा मागच्या सीटवर, एक मशीन शेजारी आणि दुसऱ्यावर हात. प्रत्येक गतिरोधकाला "सावकाश गं" ऐकू यायचं. तिथे दारात ओळखपत्रं तपासली, पिशवीतला नारळ बाहेर ठेवायला लावला आणि बुटांवर पिशव्या चढवल्या. आत कुलूपबंद कपाटांच्या रांगा, हुडहुडी भरवणारा गारवा आणि हजारो पंख्यांचा घोंगाट. आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. पण ते फौंड्रीत शिकलेल्या कानडीत तिथल्या तंत्रज्ञाला म्हणाले की आमच्या शेजारच्या कपाटातला वरचा पंखा खरखरतोय. तो गृहस्थ आधी हसला, मग कान लावला, आणि मग वहीत लिहून घेतलं.

मशीनला काही करायचं झालं तर फोन करा, आमची माणसं बटण दाबतील, असं त्याने समजावलं. तेही करारातच असतं. आप्पांनी त्याचा नंबर स्वतःच्या फोनवर घेतला. "हातबी भाड्यानं मिळत्यात बघ," बाहेर आल्यावर ते मला म्हणाले आणि तो बाहेर ठेवलेला नारळ त्यांनी इमारतीच्या फाटकाशी फोडला. पहारेकऱ्याने खोबरं मागून घेतलं.

त्यानंतर आप्पांची सकाळ काही रिकामी झाली नाही. मी त्यांच्या फोनवर दोन्ही मशीनांचं तापमान आणि पंख्यांचा वेग दिसेल असं करून दिलं. ते चहासोबत तेच बघतात आणि शेजाऱ्यांना पेपरातली बातमी सांगावी तसं सांगतात. आठ दिवसांनी त्या तंत्रज्ञाचा फोन आला, शेजारचा पंखा बदलला म्हणून. आप्पा दिवसभर मिशीत हसत होते.

मग पुन्हा खंडेनवमी आली. कोयता, खुरपी, शिलाई मशीन आणि हातोडा मांडून झाल्यावर आप्पांनी फोन लावला. पहिलं मशीन दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचंय, दुसरं चालू असू दे, असं त्यांनी कानडीत सांगितलं. मी मनात म्हटलं, आता तो माणूस कारण विचारणार.

"आयुध पूजेगा? आयतु, सर," तो म्हणाला. पूजेसाठी ना, झालंच म्हणून समजा.

माझ्यासमोर लॅपटॉपवर पहिल्या मशीनचा हिरवा ठिपका विझला. मी लगेच डॉक्टरबाईंना फोन केला. "फोटो दिसतायत ना?"

"दिसतायत की. का गं?"

"काही नाही. पोळ्या खायला या."

दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप मिटून कोयत्याशेजारी ठेवला. आईने त्यालाही कुंकू लावलं. रताळ्याच्या खोलीत आता चटई असते, आणि आप्पा तिच्यावर आडवे झाले होते. मी दारात उभी राहिले. गेल्या वर्षी इथेच मी त्यांना काय बोलले होते, ते आठवलं.

"आप्पा, तुमास्नी माझ्यापरीस जास्त कळतंय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कुणाचा फोन आलता काय?"

"न्हाय. सकाळपासनं एकाचाबी न्हाय."

"मग बराबर हाय," म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपी गेले.